तानीचा वाल

रविवार, १९ जानेवारी २०२५

तानीस गोजरचा सलाम.

तुझा जावई दिनेश बाजाराला जीप घेऊन किन्हवलीपर्यंत येतो, त्याच्या हातात हे देते. पोस्टाने पाठवलं तर टोकावड्याला पोचेपर्यंत तुझा राग शिळा होईल, आणि शिळं तू खात नायस.

चष्म्याचं विचारलंस असं दिनेश बोलला. प्रार्थनाघर झाडताना बाकाखाली बघितलं, पेटीमागे बघितलं. नाय दिसला.

तू त्या दिवशी पिशवी उचलून लेकीकडे निघून गेलीस ते बरं नाय केलंस. नाताळानंतरचा रविवार, विटांच्या भट्टीवरची माणसं दोन दिवसांसाठी वाडीत आलेली, बसायला जागा नव्हती. बारकू पावसाळ्यात वारला, त्याच्या जागी मंडळीचा वडील निवडायचा होता, आणि धोंडाबाईने माझं नाव घेतलं. मी नाय घेतलं. मला काय हौस पडली आहे या वयात. पण तू उठलीस आणि पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातलं ते काढलंस, की बाईने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये, निवांत राहावं. तेवढ्यावर थांबली असतीस तर मी गिळलं असतं. पुढे काय बोललीस? ‘हिला वडील म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का? चोवीस वर्षं ही वडील म्हणजे बाप समजत होती.’

माणसं हसली. मंगळू तर इतका हसला की त्याला खोकला लागला आणि पाणी आणावं लागलं.

त्यावर मी जे बोलले ते इथे परत लिहीत नाय. तू ऐकलंस, पुरे.

तू गेल्यावर पाळक सुरेंद्र माझ्याजवळ येऊन बसला. नवा आहे, आसनगावहून मोटारसायकलीवर येतो, वय माझ्या कमरेच्या दुखण्याएवढं. बोलला, ‘आजी, बाप समजत होता म्हणजे नेमकं काय?’ तू अर्धं सांगून गेलीस, म्हणून मी पुरं सांगितलं. तू मला मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र पुढ्यात ठेवून वाचायला शिकवत होतीस. पावसाळा होता, भट्टी बंद, म्हणून तुला सवड. मी चाळिशीची. तीताच्या पत्रात आलं की गावोगाव वडील नेमावेत. मी बोट ठेवून वाचलं, व, डी, ल. त्याच उन्हाळ्यात बारक्या म्हणून एका पोराचा बाप भट्टीवर मेला होता आणि आई दुसऱ्याबरोबर गेली होती. सहा वर्षांचं पोर चुलीपाशी बसून राख खायचं. मला वाटलं, देवाने बघा कसं आधीच लिहून ठेवलंय, जिथे पोरांना बाप नाय तिथे नेमून टाका. मी उठले आणि नेमायला लागले. दिवाळीनंतर आईबाप भट्टीवर गेले की पोरं मागे राहायची ना, ती वाटली. मंगळूला दोन दिली, धोंडीबाबाला तीन पोरी दिल्या, बारकूला एक. ‘शास्त्रात आहे,’ बोलले. नाय म्हणायची कोणाची छाती नव्हती. बारक्याला मात्र कोणी घेईना, तो चावायचा. मग त्याचा वडील मीच झाले. शाळेत मास्तरांनी वडिलांचं नाव विचारलं तर पोर बोललं, गोजर. मास्तरांनी वर बघितलं आणि लिहून टाकलं.

पुढे मंडळीने बारकूला वडील केलं, मंगळूला केलं, तर मला वाटलं पोरं नीट सांभाळली म्हणून केलं.

पाळक बोलला, ‘आजी, वडील म्हणजे बाप नाही. मंडळीचा कारभार आणि शिकवण बघणारा जाणता माणूस.’ मी बोलले, कळलं आता, तानीने चारचौघांत सांगितलं तेव्हा कळलं.

त्याला आपल्या निवडीची रीतही ठाऊक नव्हती, तीही मीच समजावली. जुन्या पाळकांनी लिहिता न येणाऱ्यांसाठी घातलेली. जो तो आपल्या हाताने वाटीत टाकतो, अख्खा वाल म्हणजे हो, फुटकी डाळ म्हणजे नाय. पटावरच्या सगळ्यांनी टाकल्याशिवाय निवड पुरी नाय, आणि वाटीत एक डाळ निघाली तरी जागा रिकामी. तू डाळही टाकली नायस, वालही नाय. म्हणून पाळकाने निवड ईस्टरनंतरच्या रविवारपर्यंत पुढे ढकलली.

एकच विचारते. शिकवणारी तू होतीस. मी चुकीचं वाचते हे तुला पहिल्याच दिवशी कळलं असणार. तेव्हा का नाय बोललीस, आणि आताच का बोललीस?

गोजर

गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

तानीस,

तुझी चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी कसली, बोटभर कागद. त्यावर १ तीमथ्य २:१२, खाली काय नाय. ना सलाम, ना नाव. आकडे तू डोळे मिटून लिहितेस, चष्मा हवा कशाला तुला.

मी उघडून वाचलं, तेच, बाईने शिकवू नये. तीनदा वाचलं, एखादं अक्षर इकडचं तिकडे असेल म्हणून. तसंच आहे. आहे ते आहे, मी काय खोडणार आहे का. पाळकाला विचारलं. तो बोलला, काही जाणते म्हणतात पौलाने हे त्या एका गावच्या बायकांना लिहिलं, तिथे घोळ चालला होता. काही जाणते म्हणतात सगळ्यांना आणि कायमचं लिहिलं. मी बोलले, तू कोणत्यातला? तो बोलला, ‘आजी, मी अजून वाचतोय.’ पोरगा खोटं बोलत नाय, एवढं बरं आहे.

मग त्याने दुसरं काढलं. वडील कसा असावा, तर एका बायकोचा नवरा असावा. बाई कशी नवरा होणार. मी बोलले, ते नाय व्हायचं. पण मग मंगळूला उठवा बाकावरून, त्याने जवानीत दोन केल्या, एक अजून सरळगावला त्याच्या नावाने बोटं मोडते. मंगळू खिडकीबाहेर बघायला लागला. मी बोलले, आणि पौलाला किती होत्या? पाळक बोलला एकही नाही. मी बोलले, मग तो तरी आपल्या वाडीचा वडील कसा होईल? पाळक हसला, बोलला तो प्रेषित होता, ते पद मोठं. मी बोलले, मोठ्या कामाला बायको लागत नाय आणि लहानाला लागते, हे मला समजावून सांग. तो बोलला पुढच्या रविवारी सांगतो. तो रविवार होऊन गेला.

फीबीचंही वाचलं. पौल तिला मंडळीची सेविका म्हणतो, आणि पाळक बोलला रोमला ते लांबलचक पत्र तिनेच नेलं असं मानतात. आता तू दिनेशला विचार पत्र नेणाऱ्याचं काय होतं. मी त्याला विचारते तानी काय बोलली, तू विचारतेस गोजर काय बोलली, तुझी लेक जयश्री विचारते दोघी काय बोलल्या. मग रोमच्या माणसांनी फीबीला विचारलं नसेल का, बाई, इथे पौलाला काय म्हणायचंय? आणि ती निवांत राहिली असेल?

पण दिनेशने तुझं एक बोलणं सांगितलं ते मला लागलं. तू बोललीस, पटेल ते वचन घ्यायचं आणि नाय पटलं ते त्या गावचं म्हणून सोडायचं, तर शास्त्र राहिलं कुठे, ती बाजारातली भाजी झाली. ह्याला माझ्याकडे उत्तर नाय. दळताना, भांडी घासताना शोधते आहे. सापडलं की कळवते.

पिंकीला, बारक्याच्या पोरीला, बाईंनी शाळेत विचारलं तुझी आजी कोणाची आई? ती बोलली, ‘आई नाय, माझ्या बापाचा वडील.’ बाई दोन दिवस माझ्याकडे बघून हसतात.

गोजर

सोमवार, १७ मार्च २०२५

तानीस,

ह्या वेळी तू चिठ्ठीही नाय पाठवलीस. दिनेश रिकाम्या हाताने आला आणि बोलला सासूबाईंना टोकावड्याच्या शिबिरात नवा चष्मा मिळाला, आता स्पष्ट दिसतं.

मग आता सांगायला हरकत नाय. तुझा जुना चष्मा माझ्याकडे आहे. पहिल्या दिवसापासून आहे, बाकावरच होता, घरासकट. तू तो न्यायला येशील म्हणून ठेवला. तीन महिने तू आंधळा कारभार केलास पण आली नायस, माझ्यासारखीच अडेल आहेस. मी तो घालूनच ही पत्रं लिहिते. तुझ्या चष्म्यातून मला जोडाक्षरंही दिसतात, ‘प्रेषित’ मी न अडखळता लिहिलं बघ.

आणि दुसरं. जानेवारीत लिहिलं की मला हौस नाय. हौस आहे. खोटं लिहून काय करू, तू ओळखलंच असशील. मानाची नाय गो. मान मला म्हातारपणाने तसाही मिळतो, एसटीत पोरं उठून जागा देतात. किल्लीची हौस आहे. प्रार्थनाघराची किल्ली वडिलांकडे असते. बारकू होता तोवर दार उघडं टाकायचा, भट्टीवाल्यांची पोरं शाळा सुटल्यावर आत बसून अभ्यास करायची, पंखा आहे, दिवा आहे. आता किल्ली मंगळूकडे. तो बोलतो पोरं सतरंजी घाण करतात. नऊ पोरं ओट्यावर उन्हात बसतात ह्या वर्षी. मी चटई टाकते, ती काय पंखा होते का.

काल तर कमाल झाली. उपासना संपल्यावर मंगळू, ज्याला एवढी सतरंजी प्यारी, तोच बोलला, ‘गोजरचं होऊन जाऊ दे. तानी तीन महिने आली नाय, टोकावड्याच्या मंडळीत बसते. पटावरून तिचं नाव काढा, मग तिच्या वालाची वाट बघायला नको.’ माझ्यासाठीच बोलत होता, दोन बायकांचं बोलले ते त्याने मनाला लावून घेतलं असावं. दोघातिघांनी मान हलवली. पाळकाने पट उघडला.

मी उठले. बोलले, पटावर पहिलं नाव कोणाचं आहे वाच. त्याने वाचलं, तानी. दुसरं? गोजर. मी बोलले, ही मंडळी सुरू झाली तेव्हा दोनच माणसं होती, आणि त्यातल्या एकीला वाचता येत नव्हतं. पहिलं खोडायचं तर त्याच रेघेने दुसरंही खोडा, शाई वाचेल.

पाळकाने पट मिटला. मंगळू बोलला, ‘ही बाई चांगलं करायला गेलं तरी अंगावर येते.’

तुझ्यावर उपकार केले असं समजू नकोस. तुझी हरकत शास्त्रातली आहे. तिला उत्तर द्यायचं सोडून तुझं नाव खोडायचं म्हणजे, पटेल ते घ्या आणि नाय ते सोडा, तेच झालं की. तुझंच बोलणं होतं ते. माझ्या कामाला आलं.

गोजर

शुक्रवार, १८ एप्रिल २०२५, उत्तम शुक्रवार

तानीस,

आज उपास आहे, भूक लागली की माणूस खरं बोलतं, म्हणून आजच लिहिते.

नाताळानंतर तू माझं हसं केलंस तेव्हा मी काय बोलले ते जानेवारीत लिहायला हात झाला नाय. आता लिहिते. मी सगळ्यांदेखत बोलले, ‘तुझ्या जयश्रीचा बाप मी नेमला तेव्हा नाय आठवला तुला पौल?’

खरं होतं. तुझा नवरा टाकून गेला, तू भट्टीवर विटा थापायला गेलीस आणि पाच हिवाळे जयश्री धोंडीच्या घरात वाढली, मी ठरवून दिलं म्हणून. पण खरं असलं तरी ते चारचौघांत काढायचं नव्हतं. तिला बाप नव्हता हे तुला माझ्या तोंडून ऐकायची गरज नव्हती. तू माझी वाचण्याची चूक काढलीस, मी तुझ्या जगण्याची जखम काढली. दोन्ही सारखं नाय. माझं जास्त झालं. हे मी जयश्रीलाही सांगितलं, दिनेशच्या फोनवरून. ती बोलली, ‘मावशी, मला धोंडीबाबा आवडायचे.’ तू समोर असतीस तर हे तोंडाने बोलले नसते, म्हणून लिहिते. दोनदा लिहिणार नाय.

दिनेशने मागच्या बाजाराला तुझा निरोप दिला. मी पहिल्याच पत्रात विचारलं होतं, मी चुकीचं वाचते हे तेव्हाच का नाय सांगितलंस. तू त्याला बोललीस, ‘तिचं वाचन चुकलं होतं, पण पोरं जेवत होती. त्यात माझीही होती. मग कशाला सांगू?’

तो सांगताना जीपच्या काचेकडे बघत होता. मी त्याला बोलले काच पुसत जा, किती घाण केली आहेस.

पटेल ते घ्यायचं आणि नाय ते सोडायचं, ह्याचं उत्तर शोधते बोलले होते. पुरं नाय सापडलं. एवढंच सापडलं की मी जे चुकून घेतलं ते मला पटलेलं नव्हतं. बारक्या मला पटला नव्हता गो, तो चावायचा. शास्त्रात आहे असं वाटलं म्हणून घेतला. वाचन चुकीचं, पण निवडून सोयीचं घेतलेलं नव्हतं, एवढं तरी मान.

पुढच्या रविवारी नाय, त्याच्या पुढच्या रविवारी वाटी फिरेल. तुला डाळ टाकायची असेल तर डाळ टाक. पण येऊन टाक. तुझ्या डाळीने मी मागे राहिले तर मला चालेल, तुझ्या गैरहजेरीने पुढे गेले तर नाय चालणार. किल्लीचं मी मंगळूशी भांडून बघेन.

गोजर

सोमवार, २८ एप्रिल २०२५

तानीस,

तू आली नायस. ऊन होतं, गुडघे आहेत, मी समजले. मनातून दोन शिव्या दिल्या, मग समजले.

काल वाटी फिरली. बत्तीस माणसं, भट्टीवरचीसुद्धा आली. बारक्या भिवंडीहून आला आणि आल्याआल्या उभा राहून बोलला, ‘माझ्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या जागी हिचं नाव आहे. सरकारने मान्य केलंय, तुमी करा.’ पाळकाने सांगितलं की तिथला वडील वेगळा आणि इथला वेगळा. बारक्या बोलला, ‘मला एकच ठाऊक आहे,’ आणि पहिला वाल त्याने टाकला. मोठा झाला, पण तोंड तसंच आहे.

पाळकही बोलला. टाळायला गेला नाय. दोन्ही बाजूंची वचनं वाचली, तुझं ते बारावं वचनसुद्धा, सगळं. मग बोलला, ‘माझं वाचन अजून संपलं नाही. पण ह्या मंडळीला गोजरआजींनी सांभाळलंय हे मला दिसतं, आणि जे दिसतं त्याच्या विरुद्ध मी डाळ टाकू शकत नाही.’ मंगळूने टाकला तो वाल मी नीट बघितला. अख्खा होता.

मोजताना दिनेश दारात आला. जीप रस्त्यात तापली म्हणून उशीर. त्याने पाळकाच्या हातात तुझी पुडी दिली. पाळकाने उघडली. त्यात एक वाल, अख्खा, सालासकट, आणि बोटभर कागद. कागदावर १ तीमथ्य ५:२.

पाळक वाचायला लागला, मी बोलले थांब, मला वाचू दे. तुझा चष्मा घातला, तीमथ्य काढलं, बोट ठेवलं. तरुण तीमथ्याला पौल सांगतो, वडील स्त्रियांना आईसारखं मान. मी परत मागे गेले. व, डी, ल. पुढे स्त्रिया. बोट तिथेच राहिलं. चोवीस वर्षं हे पान माझ्याकडे आहे आणि मी बायकांपुढे तो शब्द कधी बघितला नव्हता, बघितला असेल तर ओलांडला.

पाळक हळूच बोलला, ‘आजी, इथे वडील म्हणजे वयाने मोठ्या. पद नाही.’ मी बोलले, ठाऊक आहे रे. तानी काय मला फुकटात पद देते का. तिने शब्द दिलाय. वाल वेगळा दिलाय.

धोंडाबाई बोलली, ‘टाका मग वाटीत, झालं काम.’ पाळकाने वाल उचललासुद्धा. मी त्याचा हात धरला. रीत काय आहे, जो तो आपल्या हाताने टाकतो. पुडीतून आलेला वाल चालत नाय. मंगळू कपाळावर हात मारून बोलला, ‘बाई, तुझ्याच बाजूचा आहे.’ मी बोलले, म्हणूनच.

तेव्हा मी अजून वडील नाय. बत्तीस वाल वाटीत आहेत, वाटीवर झाकण आहे, आणि पाळकाने पटावर लिहिलं आहे, एकाची वाट बघणे. तुझा वाल तुझ्या चष्म्याच्या घरात ठेवला आहे आणि ते घर वरच्या फळीवर. चष्मा माझ्या नाकावर आहे, तो आता तुला मिळायचा नाय, तुझ्याकडे नवा आहे.

निघताना मंगळूने किल्ली काढून माझ्या हातात दिली. बोलला, ‘तानी येईपर्यंत तू ठेव. मी विसरतो दार उघडायला.’ आज दुपारपासून पोरं पंख्याखाली बसली आहेत. सतरंजी घाण झाली आहे, मी धुईन. हे पत्र तिथेच बसून लिहिते. पिंकी शेजारी उजळणी घोकते आहे आणि दर ओळीला विचारते, तानीआजीला काय लिहिलंस. निवांत राहावं म्हणतात ते कसं जमायचं मला कळत नाय.

दिनेश हे पत्र घेऊन येतो आणि बुधवारी परत इकडे फिरणार आहे, पुढची सीट तुझ्यासाठी ठेवतो बोलला. ये. आपल्या हाताने टाक. डाळ करून टाकलीस तरी मी काही बोलणार नाय, त्या दिवशी तरी.

पण लवकर ये. फळीवर उंदीर फार झालेत, आणि चष्म्यासारखी थाप नाय ही, ते खरंच आहेत.

गोजर
(वडील, एक वाल कमी)